ओरेस्तेया: एका जमावाचे संगीत

ग्रीक शोकांतिका आपल्याकडे आली ती मुख्यतः कागदावरून. पु. ल. देशपांडे यांनी ‘राजा ओयदिपौस’ मराठीत आणला, साहित्याच्या वर्गांमधून ॲरिस्टॉटलचे विरेचन आणि नायकाचा प्रमाद शिकवला गेला, आणि ही नाटके म्हणजे नियतीने घेरलेल्या थोर माणसांची, संवादांतून उलगडत जाणारी कथा असते, अशी समजूत आपल्या मनात घर करून बसली. समजूत चुकीची नसली तरी अपुरी आहे. अथेन्समध्ये ॲक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर बसून जे लोक ही नाटके पाहत, त्यांच्यासाठी नाटकाचा मोठा हिस्सा गायला आणि नाचला जाणारा होता. समूह खालच्या मोकळ्या जागेत उतरे, त्याच्याबरोबर औलोस नावाचे दोन नळ्यांचे, सनईप्रमाणे पत्तीतून फुंकायचे वाद्य वाजे, आणि नाटक लिहिणारा कवीच सहसा त्याच्या चाली बांधून समूहाला तालीम देई. यातले शब्द उरले, बाकी सगळे गेले. व्हिएन्नामध्ये जपलेल्या पपायरसच्या एका फाटक्या तुकड्यावर युरिपिडीसच्या एका समूहगीताच्या काही ओळी आहेत आणि त्यांच्यावर स्वरांच्या खुणा आहेत. त्या तुकड्यावरून संपूर्ण परंपरा उभी करणे म्हणजे केवळ अंदाजाचा खेळ आहे.

त्यामुळे ही नाटके आज करू पाहणाऱ्यांपुढे दोन सोपे मार्ग असतात. एक तर संगीत पार वगळायचे, नाही तर ‘प्राचीन’ वाटेल असे काही तरी, वीणेचे चार सूर आणि दूरवरची बासरी, पार्श्वभूमीला सोडून द्यायचे. दुसरा मार्ग मला पहिल्यापेक्षाही वाईट वाटतो. पर्यटन खात्याच्या माहितीपटाला शोभेल असे ते संगीत नाटकातली धग नेमकी काढून घेते. यानिस झेनाकिस या संगीतकाराने एस्किलस या प्राचीन ग्रीक नाटककाराच्या ‘ओरेस्तेया’ या नाट्यत्रयीसाठी जे केले, त्याकडे मी पुन:पुन्हा वळतो ते यामुळेच. त्याने गेलेले संगीत परत आणण्याचा आव आणला नाही आणि शब्दांना सजवलेही नाही. त्या नाटकात मुळात समूहाचा आवाज कशासाठी होता, हा प्रश्न त्याने विसाव्या शतकातल्या स्वतःच्या कानांनी विचारला.

कथा थोडक्यात सांगतो. ट्रॉयवर स्वारीला निघालेल्या अगामेम्नॉनने अनुकूल वारा मिळावा म्हणून स्वतःची मुलगी इफिजिनिया बळी दिली. दहा वर्षांनी तो विजयी होऊन परतला, तेव्हा राणी क्लायटेम्नेस्ट्राने त्याला न्हाणीत जाळ्यात गुंडाळून मारले आणि त्याने लुटीत आणलेली ट्रॉयची राजकन्या कसांड्रा हिलाही मारले. परदेशात वाढलेला मुलगा ओरेस्टिस परत आला आणि त्याने आईचा जीव घेतला. मग मातृहत्येचा सूड घेणाऱ्या एरिनीज नावाच्या देवता त्याच्या मागे लागल्या, तो पळत अथेन्सला आला, आणि अथीना देवीने अरिओपॅगस टेकडीवर नागरिकांचे न्यायालय बसवून त्याचा खटला चालवला. मते समसमान पडली, आरोपी सुटला, आणि खवळलेल्या एरिनीजना अथीनेने समजावून नगराच्या रक्षणकर्त्या देवता म्हणून वसवले. इ.स.पू. ४५८ मध्ये या त्रयीला पहिले पारितोषिक मिळाले. सूडाच्या न संपणाऱ्या साखळीतून कायद्याकडे जाण्याची ही गोष्ट म्हणून तिची थोरवी सांगितली जाते, आणि शेवटपर्यंत मला जे खटकत राहते तेही तिथेच आहे. त्याकडे नंतर येईन.

झेनाकिसचे संगीत पहिल्यांदा वाजले ते ग्रीसमध्ये नव्हे, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, इप्सिलँटी नावाच्या एका लहान शहरात. ग्रीक स्वातंत्र्ययुद्धातला सेनानी दिमित्रिओस इप्सिलांतिस याचे नाव या शहराला दिलेले आहे, आणि केवळ या नावाच्या धाग्यावर १९६०च्या दशकात तिथल्या हौशी मंडळींनी ग्रीक नाट्यमहोत्सवाचा घाट घातला. १९६६ च्या उन्हाळ्यात विद्यापीठाच्या बेसबॉलच्या मैदानात तात्पुरते नाट्यगृह उभे राहिले, अथेन्सहून अलेक्सिस सोलोमोस हा दिग्दर्शक आला, क्लायटेम्नेस्ट्राच्या भूमिकेसाठी जुडिथ अँडरसनसारखी मातब्बर अभिनेत्री आली. जोडीला ॲरिस्टोफेनिसचे ‘पक्षी’ हे प्रहसन होते आणि त्यात बर्ट लार होता, म्हणजे ‘विझर्ड ऑफ ऑझ’मधला तो भित्रा सिंह. पैशांचे गणित कोसळले आणि महोत्सव एका हंगामातच आटोपला. महत्त्वाकांक्षी नाट्यसंस्थांचे असेच होते, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. पण त्या मैदानातून तासाभराहून अधिक लांबीचे जे संगीत निघाले, त्यातून झेनाकिसने पुढे साधारण पाऊण तासाची मैफलीत सादर करता येईल अशी रचना बेतली: मिश्र समूह, मुलांचा समूह आणि बारा वादक. आज ‘ओरेस्तेया’ म्हणून ऐकायला मिळते ती ही.

हा माणूस कोण होता हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण इथे चरित्र संगीताच्या आत शिरलेले आहे. झेनाकिस रुमानियातल्या ग्रीक कुटुंबात जन्मला, दहाव्या वर्षी ग्रीसमध्ये शिकायला आला आणि अथेन्सच्या तंत्रनिकेतनात स्थापत्य अभियांत्रिकीचा विद्यार्थी असताना जर्मन कब्ज्याविरुद्धच्या लढ्यात उतरला. डिसेंबर १९४४ मध्ये, जर्मन निघून गेल्यावर, अथेन्सच्या रस्त्यांवर डाव्या प्रतिकारकांची ब्रिटिश फौजेशी चकमक उडाली, आणि १९४५ च्या जानेवारीच्या सुरुवातीलाच रणगाड्याच्या तोफगोळ्याने त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू फाडली, डावा डोळा गेला. १९४७ मध्ये तो खोट्या पारपत्रावर देशाबाहेर निसटला. मागे त्याच्या गैरहजेरीत खटला चालून त्याला मृत्युदंड ठोठावला गेला. पॅरिसमध्ये तो ल कॉर्ब्युझिए या वास्तुविशारदाच्या कार्यालयात अभियंता म्हणून १२ वर्षे राहिला. आपल्या चंदीगडच्या प्रकल्पावरही त्या काळात त्याचा हात फिरलेला आहे. या नोकरीच्या जोडीनेच तो संगीत रचू लागला. फ्रेंच नागरिकत्व त्याला मिळाले १९६५ साली, म्हणजे इप्सिलँटीच्या आदल्या वर्षी. मायदेशी त्याला पाऊल ठेवता येत नव्हते. परागंदा मुलगा घरी परततो आणि न्यायालयापुढे उभा राहतो, या गोष्टीला संगीत देणारा माणूस स्वतः परागंदा होता आणि त्याच्या देशातल्या न्यायालयाने त्याला फाशीच्या यादीत घातले होते.

हे साम्य फार बोलके आहे, आणि म्हणूनच त्याच्या मोहात पडू नये असे मला वाटते. झेनाकिसचे संगीत आत्मकथनासारखे ऐकले तर हाती काही लागत नाही. त्यात हुंदके नाहीत, मायदेशाच्या लोकगीतांच्या आठवणी नाहीत. त्याने स्वतः जे नोंदवले आहे ते अधिक चमत्कारिक आहे. जर्मन कब्ज्याच्या काळातल्या प्रचंड मोर्चांचे तो वर्णन करतो: एक घोषणा जमावाच्या एका टोकाला उठते, लाटेसारखी दुसऱ्या टोकाला पोचते, तोवर मागे दुसरी घोषणा उठलेली असते, सगळे शहर त्या तालावर चालते, आणि मग शत्रूशी गाठ पडते, गोळीबार होतो, ताल फुटतो, हजारो स्वतंत्र आवाजांचा कल्लोळ उरतो आणि त्यानंतर शांतता. ही घटना तो ध्वनीची घटना म्हणून ऐकत होता. एकेका स्वराला अर्थ नसलेली, पण सगळ्यांची मिळून एक गती आणि आकार असलेली अशी ती गोष्ट होती. पुढे या अनुभवाला त्याने संभाव्यतेचे गणित जोडले आणि १९५५ मध्ये ‘मेटास्टॅसिस’ या रचनेतून युरोपच्या संगीतविश्वाला धक्का दिला. त्या रचनेतली तंतुवाद्ये घसरत घसरत जी पसरतात, त्यांच्या मुळाशी अथेन्समधला तो रस्ता आहे.

आता ग्रीक समूहाकडे पाहावे. त्रयीतल्या पहिल्या, ‘अगामेम्नॉन’ या नाटकातला समूह म्हणजे त्या राजाच्या आर्गोस नगराचे वृद्ध नागरिक. त्यांना सगळे ठाऊक असते, दहा वर्षांपूर्वीच्या बळीची भीषण कहाणी तेच गातात, राणीच्या मनात काही शिजते आहे याचा वासही त्यांना आलेला असतो. आणि आतून राजाची मरणकिंकाळी ऐकू येते तेव्हा एकमुखाने गाणारा हा समूह प्रथमच फुटतो. बारा म्हातारे, प्रत्येकाला दोनच ओळी: कोणी म्हणतो धावून जाऊ, कोणी म्हणतो आधी खातरजमा करू, कोणी म्हणतो नुसत्या किंकाळीवरून निष्कर्ष कसा काढावा. तोवर दार उघडते आणि राणी प्रेतांशेजारी उभी असते. माणसे एकत्र असताना बळ असते आणि गरजेच्या क्षणी ते कसे विरघळते, याचे याहून नेमके चित्र मी कुठल्याही नाटकात पाहिलेले नाही. कॉलेजात असताना एका प्रायोगिक नाटकात मी समूहात उभा राहिलो आहे. खांद्याला खांदा लावून ओरडताना स्वतःचा आवाज कानाला येईनासा होतो, आणि आपण काय ओरडतो आहोत याची जबाबदारीही अंगावरून उतरते. ‘घाशीराम कोतवाल’मधली ती माणसांची भिंत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना समूह हा निरुपद्रवी निवेदक नसतो हे पटवून द्यावे लागणार नाही.

झेनाकिसचा समूह ऐकताना पहिली गोष्ट जाणवते ती त्याचा कोरडेपणा. युरोपीय समूहगायनात आपण अपेक्षितो तो गोड, भरीव स्वरमेळ इथे नाही. आवाज बहुधा एकाच ओळीत किंवा समांतर ओळींत चालतात, एका अक्षराला एक स्वर, आणि शब्द प्राचीन ग्रीकच आहेत. ती भाषा मला येत नाही. शेजारी भाषांतर उघडे ठेवून मी ऐकतो. तरीही तिची चाल ओळखीची वाटते, आणि त्याला कारण आहे. प्राचीन ग्रीक पद्य आपल्या अक्षरगणवृत्तांप्रमाणेच लघु-गुरूंवर उभे होते, आणि तिचा आघात हा जोराचा नसून स्वराच्या उंचीचा होता, वेदपठणातल्या उदात्त-अनुदात्तासारखा. भाषेच्या त्या मूळच्या चढउतारांना झेनाकिसने प्रमाण मानले. १९६१ साली तो जपानला गेला होता आणि तिथली ‘नो’ ही पारंपरिक नाट्यशैली त्याच्या मनात भरली होती. पठण आणि गायन यांच्या सीमेवरचा आवाज, मोजकी वाद्ये, आणि प्रसंगाला वाद्यांनी भावनेची साय न लावणे, हे ‘ओरेस्तेया’तही आहे. पिकोलोसारखी अगदी चिरकी आणि कॉन्ट्राबसूनसारखी जमिनीखालून आल्यासारखी वाद्ये दोन टोकांना ठेवल्यामुळे मधल्या जागेत माणसांचे आवाज उघडे पडतात. गायकांच्या हातातही लाकडी आणि धातूची आघातवाद्ये असतात. १९६७ मध्ये सेनेकाच्या ‘मेदेआ’साठी संगीत करताना त्याने पुरुषसमूहाच्या हातात नदीतले गोटे दिले आणि ते एकमेकांवर आपटायला लावले. सूडाला निघालेल्या आईच्या गोष्टीला तो आवाज शोभतो, इतकेच इथे नोंदवतो.

पण मला ज्या भागाशी थांबायचे आहे तो मूळ रचनेत नव्हताच. सिसिलीतले जिबेलिना हे गाव १९६८ च्या भूकंपात उद्ध्वस्त झाले आणि कित्येक किलोमीटर दूर नव्याने वसवले गेले. १९८७ मध्ये तिथे ‘ओरेस्तेया’ सादर होणार होते, तेव्हा झेनाकिसने त्यात ‘कसांड्रा’ हा नवा प्रवेश घातला: एक बॅरिटोन, म्हणजे मध्यम पट्टीतला पुरुष गायक, एक तालवादक, बस्स. स्पिरोस साकास हा गायक आणि सिल्वियो ग्वाल्दा हा तालवादक त्याच्या डोळ्यांसमोर होते.

एस्किलसने हा प्रसंग कसा रचला आहे ते आधी पाहिले पाहिजे. कसांड्रा अगामेम्नॉनच्या रथातून येते आणि बोलतच नाही. राजाराणीचा लालभडक पायघड्यांवरचा तो प्रसिद्ध प्रसंग होतो, राजा आत जातो, राणी बाहेर येऊन तिला दटावते, परत जाते, समूह तिची कीव करतो, आणि ती गप्पच. तिला ग्रीक येत नसावे असेच सगळे धरून चालतात. मग अचानक तिच्या तोंडून जे निघते ते कोणत्याच भाषेतले नसते: ‘ओतोतोतोतोइ पोपोइ दा’. त्यानंतर अपोलोचे नाव. याच देवाने तिला भविष्य पाहण्याची शक्ती दिली आणि ती आपल्याला वश झाली नाही म्हणून तिच्यावर कोणीही विश्वास ठेवणार नाही असा शापही दिला. त्यापुढे ती या घराण्यात पूर्वी झालेले खून आणि आत आता होऊ घातलेला खून, दोन्ही एकाच वेळी पाहू लागते. तिच्या गाण्याचे वृत्त लगागालगा अशा पाच अक्षरी तुकड्यांचे आहे. ग्रीक शोकांतिकेत हे वृत्त पराकोटीच्या क्षोभासाठीच राखून ठेवलेले असे. समूहाचे वृद्ध सुरुवातीला तिला साध्या बोलण्याच्या वृत्तात, समजूतदारपणे उत्तरे देतात. हळूहळू तिच्या क्षोभाची लागण त्यांना होते आणि ते त्याच तुटक वृत्तात गाऊ लागतात. नेमक्या त्याच सुमाराला ती मात्र गाणे सोडून शांतपणे बोलायला लागते, राजा मरणार आहे आणि मीही मरणार आहे हे स्वच्छ शब्दांत सांगते, आणि तेव्हाही त्यांना ते कळत नाही. एकटीचे वेड समूहात कसे उतरते आणि तरीही ज्ञान मात्र उतरत नाही, हे एस्किलसने छंदाच्या अदलाबदलीतून दाखवले आहे. कागदावर, त्यातही भाषांतरात, हे सहसा निसटते.

झेनाकिसने केलेली गोष्ट ऐकायला विक्षिप्त वाटते: कसांड्रा आणि समूहप्रमुख हे दोन्ही आवाज त्याने एकाच पुरुषाच्या गळ्यात घातले. वृद्ध नागरिक खालच्या, छातीतून येणाऱ्या आवाजात बोलतो, कसांड्रा उंच, ताणलेल्या फॉल्सेटोमध्ये, म्हणजे पुरुषाने आपल्या नेहमीच्या पट्टीच्या वर काढलेल्या बारीक आवाजात, आणि गायकाच्या हातात स्वरमंडलाच्या जातीचे एक तंतुवाद्य असते, ते तो मध्येच छेडतो. साकासचे ध्वनिमुद्रण ऐकताना फॉल्सेटोतून खाली येण्याच्या जागा कान देऊन ऐकाव्यात. कुशल गायक हा सांधा लपवतो, त्यासाठीच वर्षानुवर्षे रियाज करतो. इथे सांधा उघडा ठेवलेला आहे. आवाज वरून खाली येताना मध्ये कुठे तरी तडकतो, एखाद्या अक्षरावर नुसताच श्वास उरतो, आणि पुढच्याच क्षणी तोच माणूस भारदस्त स्वरात विचारतो की बाई, तू अशी का आक्रोश करतेस. तालवादक त्याला साथ देत नाही, तो त्याच्या वाटेत उभा राहतो. चामड्याच्या आणि लाकडाच्या वाद्यांचे घाव कधी शब्दांच्या आधी पडतात, कधी त्यांच्यावर कोसळतात. गाण्याला ठेका मिळेल म्हणून आपण वाट पाहावी, तर तो मिळण्याच्या बेतात असतानाच मोडतो.

आणि हळूहळू लक्षात येते की एकच गळा वापरण्यात निव्वळ कसरत नाही. ऐकणारा आणि ऐकले न जाणारी, दोघेही त्याच शरीरात आहेत. सत्य सांगणारा आवाज आणि त्याला ‘जरा समजेल असे बोल’ म्हणणारा आवाज यांच्यात एका श्वासाचे अंतर आहे. दोन गायक असते तर आपण कसांड्राची कीव केली असती आणि म्हाताऱ्यांना नावे ठेवली असती. इथे ती सोय राहत नाही. ग्रीक रंगभूमीवर स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत, त्यामुळे हा आवाज एका अर्थाने पूर्वापार रीतीला धरूनही आहे. पण बालगंधर्वांच्या परंपरेत वाढलेल्या आपल्या कानांना पुरुषाने स्त्री ‘होण्या’ची जी अपेक्षा असते, ती इथे पूर्ण होत नाही. हा पुरुष स्त्री होत नाही, तो मधोमध अडकलेला राहतो.

झेनाकिसच्याच काळात, ग्रीसमध्येच राहून, दुसरा एक संगीतकार याच नाट्यत्रयीशी झुंजत होता, आणि त्याची वाट अगदी निराळी होती. यानी ख्रिस्तू कैरोजवळच्या हेलिओपोलिसमध्ये १९२६ साली जन्मला, केंब्रिजमध्ये त्याने विट्गेनश्टाइन आणि रसेल यांच्या हाताखाली तत्त्वज्ञान शिकले, आणि पुढे अथेन्स आणि खिओस बेटावर राहून काम केले. कारोलोस कून या दिग्दर्शकासाठी त्याने १९६५ मध्ये एस्किलसच्या ‘पर्शियन्स’ला संगीत दिले. त्यात समूहाचे कुजबुजणे, श्वास, विव्हळणे हेच संगीत होते. त्याने एक भेद मांडला तो मला आजही उपयोगी वाटतो. संगीतसंचालक संचालन करतो तेव्हा ती त्या कलेच्या नियमात बसणारी कृती असते. पण तोच उठून चालू लागला, ओरडू लागला, तर ती कृती त्या नियमांच्या पलीकडे जाते, आणि ख्रिस्तूला रस होता तो या ओलांडण्याच्या क्षणात. निसर्गाचे चक्र या वेळी फिरलेच नाही तर, सूर्य-चंद्र परत आलेच नाहीत तर, ही आदिम धास्ती प्राचीन विधींच्या मुळाशी आहे असे तो मानत असे. ग्रहण लागल्यावर आपल्याकडे रस्त्यावरून ‘दे दान, सुटे गिराण’ अशी जी हाक येत असे, तिच्यातली गरज आणि घाई आठवली की ख्रिस्तूला संगीतातून काय हवे होते याची कल्पना येते.

‘ओरेस्तेया’ची सुरुवात राजवाड्याच्या छतावरच्या पहारेकऱ्याने होते. ट्रॉय पडल्याची खूण देणारी आग दिसते का, हे पाहत तो वर्षभर कुत्र्यासारखा कोपरावर रेलून पडला आहे, आणि रात्रीच्या ताऱ्यांचा सगळा मेळावा मला पाठ झाला आहे, असे तो म्हणतो. १९६८ मध्ये ख्रिस्तूने ही एवढी ओळ घेऊन ‘अनापरास्तासिस’ मालिकेतली एक रचना केली. बॅरिटोन गायकाला ती ओळ म्हणायची असते आणि ती निघत नाही. शरीर थरथरते, तोंड उघडते, आवाज अडतो, आसपासचे वादक त्याच्याभोवती ताण वाढवत नेतात. यात कथानक नाही, पात्रे नाहीत, शाप नाही, खून नाही. माणसाला बोलायचे आहे आणि त्याला दिसलेली गोष्ट गळ्याबाहेर येत नाही, एवढेच आहे. ही रचना मला झेनाकिसच्या बहुतेक रचनांहून अधिक भिववते, आणि कदाचित म्हणूनच मी ती कमी ऐकतो. ख्रिस्तू संपूर्ण ‘ओरेस्तेया’ एका अजस्र रंगरचनेच्या रूपात करू पाहत होता. १९७० च्या ८ जानेवारीला, स्वतःच्या वाढदिवशी, अथेन्समध्ये मोटार अपघातात तो गेला आणि ती अपुरी राहिली.

ग्रीसमधली लष्करी राजवट १९७४ मध्ये कोसळली आणि झेनाकिस २७ वर्षांनी मायदेशी परतू शकला. चार वर्षांनी, सप्टेंबर १९७८ मध्ये, त्याने मायसीनीच्या प्राचीन अवशेषांवर, म्हणजे प्रत्यक्ष अगामेम्नॉनचे म्हणून सांगितल्या जाणाऱ्या गडावर, ध्वनिप्रकाशाचा एक प्रचंड प्रयोग मांडला. विमानवेधी दलाचे प्रकाशझोत आकाशात एकत्र येत होते, मशाली घेतलेले सैनिक डोंगरावरून चालत होते, मुलांच्या मिरवणुका होत्या, गळ्यात घंटा आणि अंगावर दिवे बांधलेल्या शेळ्यांचे कळप उतारावर फिरत होते. होमरच्या ओळी, मायसीनीकालीन मृत्फलकांवरचा मजकूर, ‘ओरेस्तेया’तले समूह, आणि संगणकाला जोडलेल्या पाटीवर रेषा काढून आवाज निर्माण करण्याच्या त्याने घडवलेल्या यंत्रणेवरची पहिली रचना, असे सगळे दरीत घुमत होते. शेळ्यांची कल्पना मला विलक्षण आवडते. कळप कुठे वळेल हे संगीतकाराच्या हाती नसते, आणि तरी दुरून पाहणाऱ्याला त्या दिव्यांच्या ठिपक्यांत आकार दिसत राहतो. रस्त्यावरच्या जमावातून त्याने जे गणित उचलले होते ते इथे चार पायांवर चालत होते. पण सैन्याच्या मशालींपाशी मी अडखळतो. ज्या राज्यसंस्थेने मृत्युदंड दिला तिचेच सैनिक आता त्याच्या संगीतावर पावले टाकतात, याला समेट म्हणायचे की भव्यतेचा मोह म्हणायचा, हे मला ठरवता आलेले नाही. समूह भव्य दिसू लागला की त्यातले ते बारा गोंधळलेले म्हातारे दिसेनासे होतात, हे मात्र खरे.

त्रयीतला शेवटचा पेच त्याने अगदी उशिरा सोडवायला घेतला. १९९२ मध्ये अथेन्समधल्या प्रयोगासाठी त्याने ‘अथीना देवी’ हा प्रवेश जोडला. न्यायालयाची स्थापना करताना अथीना नागरिकांना उद्देशून जे भाषण करते, ते इथे पुन्हा एकाच बॅरिटोनच्या गळ्यात आहे, पुन्हा फॉल्सेटो आणि खालचा आवाज यांच्यात झेपा घेत, आणि भोवती वाद्ये कर्कश. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटेल की विवेकाची देवता अशी वेड्यासारखी का बोलते. पण खटल्यात काय झाले ते आठवावे. अपोलोचा बचावाचा युक्तिवाद असा की आई ही खऱ्या अर्थाने जन्मदाती नसतेच, ती पित्याचे बीज वाढवणारी दाई असते. आणि अथीना, जी आईविना झ्यूसच्या मस्तकातून जन्मली, ती सांगते की मी सर्वस्वी पित्याच्या बाजूची आहे, म्हणून माझे मत आरोपीला. कायद्याच्या राज्याचा पाया या मतावर घातला जातो. गोड आवाजात, उदात्त स्वरमेळात हे भाषण बांधले असते तर ते आपल्या गळी उतरले असते. झेनाकिसने ते दुभंगलेल्या आवाजात ठेवले. ती पुरुष म्हणून बोलते आहे की स्त्री म्हणून, हे तिच्या आवाजावरून ठरत नाही आणि ऐकणाऱ्याला स्वस्थ बसू देत नाही. त्याच्या मनात हाच हेतू होता असा माझा दावा नाही, परिणाम मात्र हाच आहे.

त्यानंतरचा भाग मात्र १९६६ पासूनचाच आहे. एरिनीज शांत होतात, अथीना मिरवणुकीची आज्ञा देते, आणि एस्किलसच्या शेवटच्या ओळींत जमलेल्या सगळ्या लोकांना गाण्याबरोबर मोठ्याने जयघोष करायला सांगितलेले आहे. झेनाकिसने हे अक्षरशः घेतले. मुलांचा समूह मिसळतो, लाकडाचे आणि धातूचे आवाज वाढत जातात, आणि प्रेक्षकांच्या हातात धातूचे पातळ पत्रे दिलेले असतात, ते त्यांनी हलवायचे असतात. ध्वनिमुद्रणात ही अखेर निव्वळ खणखणाट वाटते, आणि घरी बसून ऐकणाऱ्याची इथे मोठी गैरसोय आहे, कारण हा भाग ऐकण्यासाठी लिहिलेलाच नाही. पत्रा हलवणारा प्रत्येक जण निकालाला संमती देत असतो. इतका वेळ ज्या समूहाकडे आपण पाहत होतो, त्यात आपली भरती होते.

मी तो पत्रा हलवला असता का? निकाल ऐकून हलवला नसता. अगामेम्नॉनचा हिशेब झाला, क्लायटेम्नेस्ट्राचा झाला, पण ज्या मुलीपासून हे सगळे सुरू झाले तिचा खटला कोणत्याच न्यायालयात उभा राहिला नाही, तिचे नावही तिथे कोणी काढले नाही. पहिल्या नाटकात म्हातारे गातात ते मला विसरता येत नाही: घराण्याला शाप देऊ नये म्हणून बळीच्या वेळी तिचे तोंड घोड्याला लगाम घालावा तसे बंद केले होते. पण अखेरच्या मिरवणुकीत अथीना ज्यांना बोलावते त्यांत स्त्रिया आणि म्हाताऱ्या आहेत, तशा मुलीही आहेत, हे एस्किलसच्या संहितेतच आहे, आणि झेनाकिसने त्या जागी खरोखरच मुलांना गायला उभे केले. त्यांचे आवाज पक्के नाहीत, सुरांच्या कडा वेड्यावाकड्या आहेत आणि मोठ्यांच्या वर ते सहज ऐकू येतात. अथीनेच्या युक्तिवादाने माझे समाधान होत नाही. त्या मुलांसाठी मात्र मी पत्रा हलवला असता.